हिशेब कुणी लिहायचा?

परप्रांतांतील आपल्या महाराष्ट्र मंडळांत एक समजूत वर्षानुवर्षे रूढ आहे. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, वाचनालय, गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या ही मंडळाची कार्ये. आणि वार्षिक विवरणपत्र ही मंडळामागची कटकट. कार्ये सर्वांनी हौसेने करावीत, कटकट मात्र एखाद्या सेवानिवृत्त कोषाध्यक्षाच्या गळ्यात बांधून मोकळे व्हावे. नवल याचे वाटते की, असे मानणाऱ्यांत बहुसंख्य सरकारी नोकरच असतात. दिवसभर ज्यांच्या टेबलावरून व्हाउचरवाचून एक पैसा हलत नाही, तेच सायंकाळी मंडळाच्या सभेत ‘सेवाकार्याला हिशेब कसला?’ असे विचारतात!

या वृत्तीचे मूळ आळसात नाही, मानापमानात आहे. कचेरीतील पायऱ्या आपण मंडळातही घेऊन येतो. वरिष्ठ अधिकारी तो अध्यक्ष, कारकून तो कोषाध्यक्ष. ताळेबंद तयार झाला की अध्यक्षमहाशय तो न वाचता त्यावर सही करतात आणि ‘हे कारकुनी काम तुमचे’ असे वर म्हणतात. कारकुनी हा शब्द ज्या मराठी माणसाने हिणवण्यासाठी वापरावा, त्यानेच पेशवे दफ्तराचा अभिमान मिरवावा, यातील विसंगती कुणाला जाणवत नाही काय? १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी त्या दफ्तरातून पंचेचाळीस खंड निवडून काढले, ते कुणा कारकुनांनी कागद लिहून आणि राखून ठेवले म्हणूनच ना? आपल्याला मात्र गेल्या गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकांची स्थळप्रतही सापडत नाही.

कायद्याचे मागणे तरी किती जुने आहे पाहा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचे चौथे कलम सांगते की, वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारी मंडळातील सभासदांची नावे, पत्ते व व्यवसाय यांची यादी निबंधकाकडे द्यावी. पश्चिम बंगाल, कर्नाटक, मध्य प्रदेश, तामिळनाडू या राज्यांचे कायदे पुढे स्वतंत्र झाले. पण वर्षाकाठी निबंधकाला कागद द्यावा लागतोच. एका पानाची ही यादी. आणि आपल्याकडे प्रथम तीच राहून जाते. चिटणिसांची बदली गुवाहाटीला होते, निबंधकाच्या दप्तरी मात्र तेच चिटणीस वर्षानुवर्षे नांदत राहतात. पुढे बँकेत सह्या बदलायच्या झाल्या, किंवा मंडळात दोन तट पडून खरी कार्यकारिणी कोणती हा वाद उभा राहिला, म्हणजे या एका पानाची किंमत कळते.

प्राप्तिकराची बाजू याहून कडक आहे. ‘आपल्याला कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?’ हा प्रश्न मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. कर लागत नाही तो विवरणपत्र भरल्यामुळे. २०१७ च्या वित्त कायद्याने करमाफीला मुदतीत विवरणपत्र भरण्याची अट स्पष्टपणे जोडली. वर्षाच्या उत्पन्नापैकी पंच्याऐंशी टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्ची पडावी लागते. ती न पडल्यास शिल्लक कशासाठी राखून ठेवली हे विहित रीतीने कळवावे लागते. आता या खर्चाचे पाहू. मांडववाल्याला दहा हजारांहून अधिक रक्कम रोख दिली, तर २०१८ पासून तो खर्च हिशेबात धरत नाहीत. एकतीस मार्चला बिल आले पण पैसे दिले नाहीत, तर तोही त्या वर्षाचा खर्च नव्हे. कुणी पतीच्या स्मरणार्थ शिष्यवृत्तीसाठी कायम निधी दिला. परंतु तशा उद्देशाचे लेखी पत्र घेतलेच नाही, म्हणजे ती सारी रक्कम चालू वर्षाची प्राप्ती ठरते. ‘एक गणेशभक्त’ अशी पावती फाडणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याला हे कोण सांगणार? सनदी लेखापाल नाही सांगणार. त्याच्याकडे आपण जातो सप्टेंबरात, आणि चूक झालेली असते भाद्रपद चतुर्थीला, कधी तर आदल्या वर्षीच्या! विवरणपत्राची तयारी एप्रिलच्या पहिल्या पावतीपासून व्हावयाची असते.

याची परिणती कोठवर जाते? नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मागील वर्षांचे हिशेब जोडावे लागतात. २०१६ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद आणली की, नोंदणी रद्द झाल्यास संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणे वजा जाता जे उरेल, त्यावर कमाल दराने कर बसावा. २०२३ साली नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत न करणाऱ्या संस्थाही तिच्या कक्षेत आल्या. वडिलधाऱ्यांनी वर्गणी काढून, त्या काळी गावाबाहेर असलेली जी जागा घेतली, ती आज भर शहरात आली आहे. त्या जागेचा आजचा बाजारभाव मनाशी धरावा, आणि मग ‘कटकट’ हा शब्द उच्चारावा.

लहान संस्थेला मोठ्या इस्पितळाइतकेच रकाने भरावयास लावणे न्याय्य नाही, हे मला मान्य आहे. २०२५ साली लहान संस्थांच्या नोंदणीची मुदत पाचांवरून दहा वर्षांवर नेली गेली, तो दिलासा योग्यच झाला. त्याच वर्षी नवा प्राप्तिकर कायदा संमत झाला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. कलमांचे आकडे बदलले, पंच्याऐंशी टक्क्यांचा दंडक बदलला नाही. मात्र कायदा जाचक आहे अशी तक्रार करण्याचा अधिकार ज्याने कागद वेळेवर दिला त्याचा.

माझी मागणी साधी आहे. ताळेबंद वार्षिक सभेत वाटून न थांबता मोठ्याने वाचला जावा, आणि तो अध्यक्षांनी स्वतः वाचावा. दुसरे असे की, कचेरीत कार्यभार सोपविल्याचा कागद दिल्याखेरीज आपल्याला कुणी मोकळे करीत नाही. मंडळातही तेच व्हावे. पावतीपुस्तके, पासबुक, नोंदणीचा दाखला, विवरणपत्राचा सांकेतिक शब्द ही सारी यादी सहीनिशी पुढच्याच्या हाती पडेपर्यंत बदली झालेल्या पदाधिकाऱ्याला निरोपाची शाल व श्रीफळ देऊ नये.