केसपेपरवरची लाल खूण

'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' हे वाक्य आपण कितीतरी दवाखान्यांच्या भिंतींवर वाचलेले असते. परंतु ज्याच्या रक्तात एचआयव्हीचे किंवा 'बी', 'सी' प्रकारच्या काविळीचे विषाणू सापडतात, त्या रुग्णाच्या वाट्याला ही ईश्वरसेवा कितपत येते? सलाइन लावायला सिस्टर उशिरा येते, ड्रेसिंग दुसऱ्यावर ढकलले जाते, खाट कोपऱ्यात सरकते. केसपेपरवर लाल शाईची अशी खूण होते की शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सारे कळावे. सर्वत्र असेच चालते असे मी म्हणत नाही. पण चालते, हे कोणी नाकारणार नाही. मग आपण निकाल देऊन मोकळे होतो, 'या नर्सेसना माणुसकीच राहिली नाही!'

हा निकाल मला मान्य नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. तेव्हापासून 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ 42 वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, पण सेवेत खंड पडला नाही. ज्या व्यवसायात एवढी माया आहे, त्यातलेच हात विषाणूचे नाव ऐकताच का आखडावेत?

याचे कारण भीती, आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. स्पर्शाने, चादरीने, ताटवाटीने हे आजार पसरत नाहीत, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण सिस्टरचा संबंध सुईशी येतो. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारांत सुमारे 3 असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला 'बी' काविळीची लागण होण्याची शक्यता मात्र शंभरांत 6 पासून 30 पर्यंत जाते. म्हणजे ज्याच्या नावाने सारे घाबरतात त्याहून ही कावीळ कितीतरी अधिक धोक्याची, आणि तिच्यावर तर लस आहे! एचआयव्हीसाठीही सुई टोचल्यावर लवकरात लवकर, निदान 72 तासांच्या आत, औषध सुरू करून 28 दिवस घेतले तर बचाव होऊ शकतो. 'सी' काविळीवर लस नाही, पण आज तीनेक महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

आपल्या वसई-विरार पट्ट्यातल्या कितीतरी मुली लोकलची गर्दी सोसत मुंबईच्या रुग्णालयांत ड्यूटीला जातात. आमच्या शेजारची ताई त्यांतलीच एक. मागे तिला पाहायला मंडळी आली होती. मुलाच्या आईने सहज विचारले, "ड्यूटी कुठल्या वॉर्डात असते?" ताईने खरे ते सांगितले. बशीतले पोहे तसेच राहिले आणि होकार काही आला नाही. मी तिला विचारले, "ताई, तुला त्या पेशंटांची भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "पेशंटची नाही गं वाटत. हातमोज्यांचा खोका रिकामा दिसला की वाटते." ज्या समाजाला सिस्टरचा हात सुनेचा म्हणून चालत नाही, त्याने तिच्याकडून निर्भयतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

लाल खुणेने सिस्टरचेही रक्षण होत नाही. लागण झाल्यावर काही काळ तपासणीत ती दिसतच नाही. शिवाय कित्येकांची तपासणी कधी झालेलीच नसते. म्हणून खूण पाहून हातमोजे घालणारी सिस्टर बिनखुणेच्या रुग्णापाशी बेसावध राहते. प्रत्येकाचे रक्त बाधित असू शकते असे धरून सर्वांसाठी सारखीच काळजी घ्यायची, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, ती जागच्या जागी न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची, हाच खरा उपाय आहे. तो पाळला तर खुणेची गरजच उरत नाही.

खुणेची वृत्ती कुठवर जाते, हे शेजारच्या गोव्याने 1989 मध्ये पाहिले. डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तात एचआयव्ही सापडला एवढ्यावरून, 64 दिवस कोंडून ठेवण्यात आले. आज कायदा बदलला आहे. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्याने अशा रुग्णाला उपचार नाकारण्यास बंदी केली आणि त्याचबरोबर कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधने, प्रशिक्षण व सुई टोचल्यानंतरचे औषध देण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली. पहिल्या कलमाची आठवण सिस्टरला सारेच करून देतात. दुसऱ्याची आठवण व्यवस्थापनाला कोण करून देतो?

मित्रहो, दरवर्षी 12 मे रोजी परिचारिका दिन येतो. आपण सिस्टरला 'देवदूत' म्हणतो आणि गुलाबाचे फूल देतो. देवदूताला सुई टोचत नाही, सिस्टरला टोचते. येत्या 12 मे ला फूल जरूर द्यावे, पण आपल्या भागातल्या प्रत्येक रुग्णालयात जाऊन एवढे विचारावेही : सिस्टरपासून सफाई करणाऱ्या मावशींपर्यंत सर्वांना 'बी' काविळीची लस मिळाली का? रात्रपाळीला सुई टोचली तर औषध कुठे मिळते, हे त्यांना ठाऊक आहे का? आणि हातमोज्यांचा खोका भरलेला आहे ना? या प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी आली, तर त्या कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत पोहोचायला सिस्टरला फार वेळ लागणार नाही.