अर्ध्या तासाचा मालक कोण?

कामावरील विश्रांतीचा अर्धा तास कामगाराला सहजासहजी मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली फॅक्टरी कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात रविवारच्या सुट्टीच्या जोडीला दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने प्रौढ कामगारांना यातले काहीच दिले नव्हते. १८९१ च्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबविण्याचे बंधन आले. पुढे १९४८ च्या कायद्याने अर्ध्या तासाच्या विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली. गिरणीचा भोंगा साऱ्यांना एकदमच ऐकू येई. विश्रांती मिळाली की नाही, याविषयी वादाला जागा उरत नसे.

आता भोंग्याची जागा संगणक घेऊ लागला आहे. साकोलीसारख्या तालुक्याच्या गावीही, मुंबई-कोलकाता महामार्गालगतच्या पेट्रोल पंपांवर, मोठ्या दुकानांत, खाजगी दवाखान्यांत अंगठ्याने वा मोबाईलवर हजेरी लागण्याचे आणि पाळ्यांचे वेळापत्रक सॉफ्टवेअरने आखण्याचे दिवस आले आहेत. अशी प्रणाली बसविताना मालकाला प्रथम काही रकाने भरावे लागतात. किती तासांनंतर विश्रांती द्यावयाची, किती मिनिटांची, पगारी की बिनपगारी? त्यांच्याच ओळीत एक निरुपद्रवी दिसणारा रकाना असतो: विश्रांतीचा वेळ हजेरीतून आपोआप वजा करावा काय? तेथे 'होय' अशी खूण झाली की कामगार जेवावयास बसला असो वा गिऱ्हाइकापुढे उभा असो, त्याच्या खात्यातून दररोज अर्धा तास वजा होत राहतो.

या खुणेचे अर्थशास्त्र साध्या अंकगणिताने समजते. विश्रांती न मिळताच रोज अर्धा तास वजा झाला, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत तेरा तास होतात आणि वर्षाला १५६. आठ तासांचा दिवस धरला तर हे साडेएकोणीस दिवसांचे काम झाले. वीस कामगारांच्या आस्थापनेत हाच आकडा ३९० दिवसांवर जातो. म्हणजे वर्षाकाठी ३१२ दिवस राबणाऱ्या सव्वा माणसाचे श्रम मालकाला फुकट मिळतात. यासाठी कोणी कोणावर डोळे वटारलेले नसतात, कागदोपत्री कायदाही मोडलेला नसतो. उलट, प्रत्येक कामगाराला रोज विश्रांती दिल्याचा पुरावाच यंत्र तयार करून ठेवते.

भंडारा जिल्ह्याला हा प्रकार सर्वस्वी नवा वाटू नये. येथील बिडी कामगारांनी वळलेल्या बिड्यांपैकी काही 'खराब' ठरवून बाजूला काढावयाच्या, त्यांची मजुरी द्यावयाची नाही आणि त्या परतही करावयाच्या नाहीत, ही रीत बिडी व्यवसायात जुनीच आहे. माल गेला तो गेलाच, शिवाय मजुरीही बुडाली. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने कारखान्यात अर्ध्या तासाची विश्रांती लिहून दिली होती. परंतु काम बहुतांशी घराघरांतून, हजारी दराने चालत असल्यामुळे ती विश्रांती घराच्या उंबरठ्याशीच थांबली. कायदा एका जागी आणि काम दुसऱ्या जागी, अशी फारकत झाली की कामगाराच्या हाती काय उरते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. आज तीच फारकत कायद्याचे पुस्तक आणि संगणकातील रकाना यांच्यात होत आहे.

कायद्याचे पुस्तकही आता पूर्वीचे राहिलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास आणि विश्रांती पाचऐवजी सहा तासांनंतर देण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि १९४८ व १९६६ चे उपरोक्त कायदे त्यांत विलीन झाले. नव्या संहितेत दिवसाचे आठ तास स्पष्ट लिहिले आहेत; मात्र विश्रांती केव्हा व किती, हे सरकारने अधिसूचनेद्वारा ठरवावयाचे आहे. संसदेने कायद्यात लिहिलेला अर्धा तास अधिसूचनेत गेला आणि तेथून मालकाच्या संगणकात. प्रत्येक पायरीवर तो कामगाराच्या नजरेपासून अधिक दूर जातो.

यावर असे म्हटले जाईल की पेट्रोल पंप वा दवाखाना काही भोंगा वाजवून बंद ठेवता येत नाही. हे खरेच आहे. विश्रांती आळीपाळीनेच द्यावी लागेल आणि तो मेळ घालण्यात यंत्राचा चांगला उपयोग होऊ शकतो. जे यंत्र अर्धा तास कापू शकते, तेच 'या कामगाराचे पाच तास भरले, याच्या जागी दुसरा पाठवा' असा इशाराही देऊ शकते. प्रश्न आहे तो यंत्राला आज्ञा कोण देणार, हा. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला की भोजनाच्या सुट्टीच्या वेळा संगणकाने ढोबळ करून मांडता येणार नाहीत. दहा-दहा मिनिटांचा हिशेब धरला, तर ११ वाजून २ मिनिटांपासून ११ वाजून २५ मिनिटांपर्यंतची तेवीस मिनिटांची सुट्टी कागदावर पूर्ण तीस मिनिटांची होते. ती सात मिनिटेदेखील न्यायालयाला क्षुल्लक वाटली नाहीत.

आपल्याकडे मागण्या साध्या आहेत. विश्रांतीची आपोआप वजावट बेकायदा ठरवावी. कामगाराने स्वतः नोंदविल्यावाचून विश्रांती झाली असे धरू नये. न मिळालेली विश्रांती हे काम समजून तिची मजुरी द्यावी आणि ती जादा कामात मोडत असेल तर दुप्पट दराने द्यावी. संगणकात भरलेले नियम पाळ्यांच्या तक्त्याशेजारी मराठीत लावावेत आणि कामगारांशी बोलल्याखेरीज त्यांत बदल करू नये. महिन्याच्या हजेरीची प्रत प्रत्येकाच्या हाती पडावी आणि श्रम निरीक्षकाने हजेरीपटाबरोबर तो रकानाही उघडून पाहावा.

लोखंड्यांच्या काळी कामगारांना अर्धा तास मालकाकडून मागावा लागला. तो मिळाल्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. आता निदान त्याचा हिशेब तरी कामगाराच्या डोळ्यांसमोर व्हावयास हवा.