कड्याची उंची मीटरमध्ये मोजावी की सेकंदांत?

स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात उन्हाळा सुरू झाला की कड्यांच्या माथ्यावर पाठीला पॅराशूट बांधलेली माणसे दिसू लागतात. त्यातल्या अनेकांच्या अंगात विंगसूट असतो. हात आणि धड यांच्यामध्ये, तसेच दोन पायांच्या मध्ये कापडाचे पंख असलेला हा पोशाख. उडी मारण्यापूर्वी यातला अनुभवी माणूस हमखास एक गोष्ट करतो. तो एक दगड खाली सोडतो आणि सेकंद मोजतो. दगड किती सेकंदांनी आपटला, यावरून इथून उडी मारायची की पाठ फिरवून पायवाटेने खाली उतरायचे, हे ठरते.

कडा, इमारत, मनोरा किंवा पूल अशा स्थिर जागेवरून मारायच्या उडीला ‘बेस जम्पिंग’ म्हणतात. विमानातून उडी मारणाऱ्याकडे हजारो मीटर असतात आणि जोडीला राखीव पॅराशूटही असते. कड्यावरून उडणाऱ्याकडे सहसा एकच पॅराशूट असते आणि दुसऱ्या चुकीला वेळ नसतो. म्हणूनच, विंगसूट घालून उडायचे तर कडा किमान किती उंच हवा, हा प्रश्न या खेळात पुन्हा पुन्हा विचारला जातो. अपघात झाला की प्रशासनालाही तोच पडतो. उत्तर म्हणून एखादा आकडा मिळाला तर सगळ्यांचीच सोय होईल. पण पदार्थविज्ञान तसा एकच आकडा देत नाही.

कारण विंगसूट कड्यावरून निघताच उडत नाही. आधी तो पडतो. पंखाला आधार मिळतो तो वेगाने वाहणाऱ्या हवेचा, आणि कड्याच्या टोकावर उभ्या माणसाचा वेग शून्य असतो. पोशाखाच्या तोंडांतून हवा आत शिरून कापड फुगायलाही वेग लागतो. तोवर हातपाय हलवून फारसे काही साधत नाही. निघताना डोके थोडे जास्त झुकले किंवा एक खांदा खाली गेला, तर ती चूक सुधारण्याइतकी हवा पहिले दोन सेकंद हाताला लागतच नाही. हवेचा विरोध सोडून दिला तर पहिल्या सेकंदात माणूस ५ मीटर पडतो, तीन सेकंदांत ४४, चारमध्ये ७८ आणि पाच सेकंदांत १२२ मीटर. प्रत्यक्षात आकडे थोडे कमी भरतात, पण चित्र तेच राहते. पोशाख पूर्ण पकड घेऊन पुढे झेपावू लागेपर्यंत साधारण शंभर ते दीडशे मीटर खर्ची पडलेले असतात. उड्डाण संपवून पॅराशूट उघडण्यासाठी शेवटी आणखी शंभरेक मीटर हाताशी ठेवावे लागतात, ते वेगळे.

आता दगडाकडे वळू. ही पद्धत सोपी आहे, पण फसवी. समजा, आपटल्याचा आवाज आठव्या सेकंदाला आला. शाळेतल्या सूत्राने उंची ३१४ मीटर निघते. पण तो आवाज वर पोहोचायलाच पाऊण सेकंद लागलेला असतो. तो वजा केला की उंची २५७ मीटरच्या आसपास येते, आणि हवेचा विरोध धरला तर त्याहूनही कमी. म्हणजे कानावर विसंबणाऱ्याच्या हिशेबात पन्नासहून अधिक मीटर नसलेली उंची जमा होते. शेवटच्या टप्प्यात दगड सेकंदाला सत्तरेक मीटर वेगाने जात असतो. घड्याळाचे बटण अर्धा सेकंद उशिरा दाबले, तरी पस्तीस मीटरचा फरक पडतो. म्हणून जाणकार दगड डोळ्यांनी पाहतात, अनेकदा टाकतात आणि लेझर अंतरमापकाने पडताळून घेतात.

तरीही मीटरपेक्षा सेकंदांची भाषा या मंडळींना जवळची वाटते, कारण उडणाऱ्याला उंची सेकंदांतच जगावी लागते. शिवाय दगड जिथे आपटतो ती जागा महत्त्वाची असते. कड्याची एकूण उंची ६०० मीटर असेल, पण शंभर मीटरवर एखादा कंगोरा बाहेर आला असेल, तर निघण्यापुरता तो कडा शंभर मीटरचाच.

त्यापुढचा प्रश्न कड्याच्या पायथ्याचा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना घसारा माहीत आहे. सरळसोट कातळ संपला की सुटे दगड आणि झाडी यांचा तिरका उतार सुरू होतो. विंगसूटवाल्याला हा उतार ओलांडून पुढे जायचे असते. एक मीटर खाली येताना तो दोन मीटर पुढे जात असेल, तर शंभर मीटर पुढे जाताना तो पन्नास मीटर खाली येतो. खालचा उतार ४५ अंशांचा असेल, तर तेवढ्याच अंतरात जमीन शंभर मीटर खाली जाते. दर शंभर मीटरला पन्नास मीटरची मोकळीक वाढत राहते. उतार ३० अंशांचा असेल, तर जमीन जेमतेम ५८ मीटर खाली जाते आणि मोकळीक वाढते फक्त आठ मीटरने. दोन्ही कडे सारख्याच उंचीचे असले, तरी पहिल्यावर चूक पोटात घालायला जागा आहे, दुसऱ्यावर नाही.

हवेचा हिशेब आणखी वेगळा. २००६ मध्ये ग्लेन सिंगलमन हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर आणि त्यांची पत्नी हेदर स्वान यांनी उत्तराखंडातील मेरू शिखरावरून, ६६०४ मीटर उंचीवरून विंगसूट घालून उडी मारली होती. तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्मीच दाट असते. पंखाला तेवढाच आधार हवा असेल, तर सुमारे १.४ पट वेग लागतो, आणि तो मिळवण्यासाठी जवळपास दुप्पट पडावे लागते. आल्प्समध्ये पुरेसा ठरलेला कडा हिमालयात तोकडा पडू शकतो. रशियाचे व्हॅलेरी रोझोव्ह यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडील चांगत्सेवरून, ७२२० मीटर उंचीवरून उडी यशस्वी केली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये नेपाळमधील अमा दबलमवरून उडताना त्यांचा मृत्यू झाला.

यात खरी मेख पोशाखाच्या प्रगतीत आहे. १९९९ च्या सुमारास विंगसूट बाजारात आले. त्यानंतर पंखांचे क्षेत्रफळ वाढले, हवा आत घेणारी तोंडे सुधारली, आणि पोशाख लवकर फुगू लागला. म्हणजे उडायला लागणारी उंची कमी झाली. ही बचत सुरक्षिततेच्या खात्यात जमा व्हायला हवी होती. ती बऱ्याच अंशी खर्च झाली नव्या, बुटक्या कड्यांवर आणि जमिनीला लगटून उडण्यावर. नव्या पोशाखाने दिलेले तीस-चाळीस मीटर कोणी राखून ठेवले, तर कोणी चित्रफितीसाठी झाडांच्या शेंड्यांवर उधळले.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाने १९८१ ते २०११ या काळातील बेस जम्पिंगचे १८० मृत्यू तपासले. त्यांतील ३९ विंगसूटचे होते. बहुतेकांच्या मुळाशी मार्गाचा चुकलेला अंदाज आणि त्यातून कड्याला किंवा जमिनीला झालेली धडक होती. ताशी दीडशे किलोमीटर वेगाने खडकावर आदळल्यावर हेल्मेटचा उपयोग फारसा उरत नाही. अशा झटक्यात छातीतली महाधमनीच फाटू शकते. ऑगस्ट २०१६ मध्ये काही दिवसांच्या अंतराने उली इमॅन्युएल आणि अलेक्झांडर पोली हे दोघे आल्प्समध्ये मृत्युमुखी पडले. दोघेही या खेळातले जगातले अव्वल. नवख्यांसाठी आखलेली किमान उंची त्यांना वाचवू शकली नसती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक उडणारा फ्रान्समधील शामोनी परिसरात थेट घरावर आदळला, आणि तिथल्या महापौरांनी विंगसूटवर बंदी घातली. नॉर्वेने ट्रोलवेगनच्या कड्यावर १९८६ पासूनच बंदी ठेवली आहे, पण त्याच देशात सुमारे हजार मीटरच्या केरागवर उड्या चालतात. तिथे प्रत्येक उडीची नोंद होत असल्याने १९९५ ते २००५ मधल्या २०,८५० उड्यांत नऊ मृत्यू, म्हणजे २३१७ उड्यांमागे एक, असा नेमका आकडा हाती आला. इतर बहुतेक कड्यांवर किती जण मेले हे कळते. किती जण उडाले, हे कोणीच लिहून ठेवत नाही. बंदी घालणाऱ्या आणि तिला विरोध करणाऱ्या, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो.

तेव्हा किमान उंचीचा नियम करायचाच, तर तो कड्यागणिक करावा लागेल. पहिल्या कंगोऱ्यापर्यंतचे सेकंद, पायथ्याच्या उताराचा कोन, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उडणाऱ्याचा अनुभव, हे सारे त्यात यावे लागेल. अमेरिकेतील पॅराशूट संघटना विमानातून पहिली विंगसूट उडी मारण्याआधीही २०० साध्या उड्यांची अट घालते. कड्यावर मात्र अशी अट तपासायला कोणी उभे नसते. तिथे दगड टाकणारा, सेकंद मोजणारा आणि निकाल देणारा माणूस एकच असतो, आणि दोन तास चढून वर आल्यानंतर त्याला तो निकाल आपल्याविरुद्ध द्यायचा असतो.