बागबाजारच्या घाटावरची भरती

कोलकात्याच्या उत्तरेला बागबाजारच्या घाटावर हुगळी दक्षिणेकडे वाहते, आणि दिवसातून दोनदा उलटी फिरते. समुद्र तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास काही वेळा ही भरती हळूहळू चढत नाही. पाण्याची एक पायरीच नदीतून वर सरकत येते. बंगालीत तिला ‘बान’ म्हणतात. तिची उंची कधीकधी दोन मीटरपर्यंत जाते. बान येणार असेल तर घाटावरच्या लोकांना सावध केले जाते आणि नावाडी लहान नावा काठापासून सोडवून भर प्रवाहात नेतात. या एका घटनेत गुरुत्वाकर्षण, बलांतील फरक, तरंगाचा वेग आणि ऊर्जा असे शालेय भौतिकशास्त्राचे चार पाठ आहेत.

पहिल्या पाठातच बहुतेक वर्गांत चूक होते. ‘चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते’ हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा दहावीच्या विद्यार्थ्याला गणिताने दाखवता येतो. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे 2 कोटी 70 लाख पट आहे आणि त्याचे अंतर सुमारे 390 पट. न्यूटनच्या नियमाप्रमाणे अंतराच्या वर्गाने भागले, तर पृथ्वीवर सूर्याचे आकर्षण चंद्राच्या सुमारे 178 पट निघते. म्हणजे नुसत्या ओढीने भरती येत असती, तर ती सूर्याची असायला हवी होती. हा प्रश्न फळ्यावर मांडून वर्गाला थोडा वेळ अडकू द्यावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतील फरकामुळे येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूचे पाणी केंद्रापेक्षा थोडे जास्त ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे थोडे कमी. केंद्राच्या तुलनेत दोन्हीकडचे पाणी बाहेर सरकते, म्हणून फुगवटे दोन आणि भरतीही दिवसातून दोनदा. पलीकडचा फुगवटा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याने येतो, असे काही ठिकाणी अजून शिकवले जाते; ते सोडून द्यावे. हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. वरच्याच आकड्यांना 390 च्या घनाने भागले की सूर्याचा वाटा चंद्राच्या 46 टक्क्यांच्या आसपास येतो. दोघे एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. चंद्राचे हे फरकाचे बल पृथ्वीच्या गुरुत्वाच्या जेमतेम नव्वद लाखावा भाग आहे. त्याने पाणी उभे उचलले जाणे शक्य नाही. ते पाण्याला आडवे सरकवते, आणि समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला असल्यामुळे तेवढे सरकवणे पुरते. विहिरीला भरती का येत नाही, याचेही उत्तर इथेच मिळते.

बंगालच्या उपसागराच्या टोकाशी आलेली भरती हुगळीच्या नरसाळ्यासारख्या मुखात शिरते. पात्र अरुंद होत जाते तशी तीच ऊर्जा कमी रुंदीत कोंबली जाते आणि लाटेची उंची वाढते. पुढचे काम तरंगाच्या वेगाचे. उथळ पाण्यातल्या लांब लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. पाणी 9 मीटर खोल असेल तर ताशी सुमारे 34 किलोमीटर, 4 मीटर असेल तर 22-23. भरतीच्या लाटेत माथ्याखाली पाणी खोल आणि पुढच्या पायथ्याशी उथळ असते, त्यामुळे माथा पायथ्याला गाठत जातो. समोरून ओहोटीचे आणि नदीचे पाणी येत असल्याने पायथा आणखी मागे रेटला जातो. लाटेचा पुढचा उतार उभा होतो आणि बान तयार होतो. तो तयार होत नाही त्या दिवशीही वरच्या पात्रात पाणी चढायला कमी वेळ लागतो आणि उतरायला जास्त; कारण तेच.

नावाड्यांची रीतही खोलीवरच उभी आहे. लाट फुटते की नाही, हे तिची उंची खोलीच्या मानाने किती आहे यावर ठरते. भर प्रवाहात खोली जास्त असल्यामुळे बान गुळगुळीत उसळीसारखा नावेखालून निघून जातो. काठाच्या उथळ पाण्यात तो फुटतो आणि बांधलेली नाव पायऱ्यांवर आपटू शकते. खोल समुद्रात, 4000 मीटर पाण्यावर, वेगाचे वरचेच सूत्र ताशी 700 किलोमीटरचा वेग देते. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी काही तासांत सुमात्राहून तमिळनाडूला पोहोचली ती त्यामुळे.

कोकणच्या खाड्यांत उधाण-भांग रोजच्या व्यवहारातले आहेत, पण तिथे बान उठत नाही. तिथल्या शाळांना वेगळा माल मिळतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब आहे: चतुर्थीला तीन वाजता. पंधरा तिथींत भरती 12 तास सरकते, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटे. पाऊणपटीत 45 मिनिटे धरली जातात. पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची चूक साठते, आणि पंधराची पाऊणपट बाराऐवजी सव्वाअकरा येते ती यामुळेच. तोंडी हिशेबासाठी एवढा सोपा आणि एवढा जवळचा नियम पाठ्यपुस्तकात असायला हरकत नव्हती.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे. किनाऱ्यावरच्या शिक्षकांनी तो सुरू करण्याआधी धक्क्यावर खुणा केलेली काठी मोठ्यांच्या देखरेखीखाली बसवावी आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत दर अर्ध्या तासाची पातळी मुलांकडून आलेखावर मांडून घ्यावी. दोन माथ्यांत सरासरी 12 तास 25 मिनिटांचे अंतर पडते. किनाऱ्यापासून दूरच्या शाळांना भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके वापरता येतील. हुगळीवरच्या ठिकाणांच्या वेळाही हा विभाग छापतो. खालच्या ठाण्याची आणि कोलकात्याची भरतीची वेळ वजा करून, अंतराला त्या फरकाने भागून लाटेचा वेग काढण्याचे उदाहरण नववी-दहावीच्या कोणत्याही वर्गात एका तासिकेत होते.