बुडालेल्या कंपनीचा दावा आणि त्यास पैसा पुरविणारा

कंपनी बुडाली म्हणजे तिच्या दाराशी धनकोंची जी रांग लागते, तीत पुढे कोण व मागे कोण हा प्रश्न केवळ वकिलांच्या वादाचा नव्हे. उधारीवर माल देणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या पोटाचा आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमाने ही रांग लावून दिली. प्रथम लिक्विडेशनचा खर्च. नंतर कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे येणे व तारण सोडून देणारे धनको बरोबरीने. उधारीने माल देणारा व्यापारी सरकारी देण्याच्याही मागे.

पण कित्येकदा तिजोरीत खडखडाट असतो आणि उरलेली एकच मिळकत म्हणजे संचालकांनी कपटाने लांबविलेला पैसा परत मिळविण्याचा दावा. तो चालविण्यास पैसा कोठून आणावा? येथे दाव्याचा सावकार पुढे येतो. जिंकल्यास हिस्सा, हरल्यास पैसा बुडाला, असा त्याचा करार. संहितेने त्यास रांगेत नाव घेऊन जागा दिलेली नाही. म्हणून आपली सारी रक्कम, नफ्यासुद्धा, लिक्विडेशनचा खर्च समजावी असा आग्रह तो धरू शकतो.

हा व्यवहारच अधर्म्य आहे असे आम्ही म्हणत नाही. रामकुमार कुंडूच्या १८७६ च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, असा करार वाजवी असल्यास हिंदुस्थानात निषिद्ध नाही. मात्र तो पिळवणुकीचा असल्यास कोर्टाने मानू नये. सुप्रीम कोर्टानेही २०१८ साली वकिलेतर माणसाने दाव्यास पैसा पुरविण्यास हरकत दिसत नसल्याचे म्हटले. शिवाय ज्याने जोखीम पत्करली त्यास मागे ढकलून, दमडीही न देणाऱ्यांनी फळ वाटून घेणे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा होणे होय. ऑस्ट्रेलियाच्या २००१ च्या कंपनी कायद्याचे ५६४ वे कलम याच न्यायाने, दाव्याचा भार उचलणाऱ्या धनकोस जोखमीच्या मानाने इतरांहून अधिक देण्याची मुभा कोर्टास देते. पण तेथेही किती द्यावे हे कोर्ट ठरविते, सावकार नव्हे.

मुद्दल आणि नफा यांत भेद केला पाहिजे, हे आमचे म्हणणे. समजा, सावकाराने दहा लाख रुपये घातले, तिप्पट परत घेण्याचा करार केला, आणि दाव्यात पंधराच लाख हाती आले. नफाही लिक्विडेशनचा खर्च मानला, तर उरलेले पंधरा लाख कारखान्याची यंत्रे विकून आलेल्या पैशातून जातील. म्हणजे ज्या कामगारांची मजुरी थकली, त्यांच्याच ताटातून. हे मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे नव्हे काय?

सबब नियम असा असावा. प्रत्यक्ष खर्चलेली रक्कम दाव्याच्या वसुलीतून सर्वांआधी फेडावी. नफ्याचा हिस्सा त्याच वसुलीच्या शिलकेतून द्यावा. कंपनीच्या अन्य मिळकतीस त्याचा हात लागू नये. करार दाव्यापूर्वीच धनकोंपुढे मांडून न्यायाधिकरणाची मंजुरी घ्यावी. आणि दावा हरल्यास प्रतिवादीच्या खर्चाची जबाबदारी सावकारानेही उचलावी. ही शेवटली गोष्ट आमच्याकडे नवी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या आदेशास मुंबईकडे जी दुरुस्ती झाली, तीत हिस्सा घेऊन खर्च पुरविणारास त्याच्या संमतीने वादी करून त्याजकडून जामीनकी मागण्याची तरतूद आहेच.

हे नियम संहितेत स्पष्ट लिहिले गेले, तर प्रामाणिक सावकार बिचकणार नाही व लोभी सावकारास वाव राहणार नाही. व्यापारी बंधूंस आमची सूचना इतकीच की, धनकोंच्या सभेचे बोलावणे आल्यास ते रद्दीत टाकू नये. करार वाचण्याची वेळ तीच; वाटणीच्या दिवशी वाचून उपयोग नाही.