वाडा विकला, ऐरण कोणाची?

पुण्याच्या कसबा पेठेंतील जुने वाडे एकामागून एक विकले जात आहेत. मालक म्हणतो सुटलों, बिल्डर म्हणतो साधलें. मध्यें पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या भाडेकरूला विचारतो कोण? खेड्यांतील बंधु म्हणतील, पेठेंतल्या घरांशीं आपला काय संबंध? आपला हंडा, घागर, बंब जेथें घडले ती तांबट आळी त्याच पेठेंत आहे, एवढा संबंध पुरे.

मालकाची बाजू अगदींच खोटी नाहीं. 1947 च्या कायद्यानें भाडें 1940 सालच्या दराला बांधून टाकलें. पुढें 1999 च्या कायद्यानें वर्षाला शेंकडा चार वाढ दिली, तरी तेवढ्यांत कौलें फिरत नाहींत, हें आम्हीहि जाणतों. पण म्हणून तुळई कुजूं द्यावयाची, आणि भिंत खचली कीं 'धोकादायक' नोटीस दाखवून माणसें बाहेर काढावयाचीं, हा कोठला न्याय? कायदा म्हणतो, मालक दुरुस्ती करीत नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनें ती करावी व खर्च भाड्यांतून कापावा. मात्र सालाच्या भाड्याच्या चौथाईहून जास्त नाहीं. आमच्या शाळेंतील पोरहि हा हिशेब करील. महिना 20 रुपये भाडें धरा. सालाचे 240, चौथाई 60. साठ रुपयांत तुळई बदलून दाखवा!

बरें, नव्या इमारतींत तितकेच चौरस फूट देतों, असें बिल्डर गोड बोलतो. अहो, तांब्याचा पत्रा भट्टींत तापवावा लागतो, मग दिवसभर ठोकून मठारावा लागतो. चौथ्या मजल्यावर भट्टी कोण पेटवूं देईल? ठोक्यांवरून शेजारीच फिर्याद गुदरतील. बुरडाचा बांबू तर लिफ्टमध्यें शिरतच नाहीं. फूट मोजून मिळाले आणि धंदा गेला! वारसा पाहावयास पाहुणे तांबट आळींत आणतात, ठोके ऐकून खूष होतात. ठोके देणाऱ्याचें नांव खरेदीखतांत शोधून सांपडत नाहीं.

तेव्हां बंधूंनो, भाड्याची पावती सोडूं नका. ती देणें मालकावर कायद्यानें बंधनकारक आहे. संमतिपत्रावर एकेकट्यानें सही करूं नका, आळीनें मिळून बसा. तळमजला, भट्टी आणि धुराडें हीं रजिस्टर करारांत लिहून मागा. बांधकाम चालू असतां ऐरण कोठें मांडावयाची व त्या जागेचें भाडें कोणी भरावयाचें, हेंहि त्याच कागदावर.