भिंतींवर मदतीचा पत्ता हवा

ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ मध्ये आले आणि स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते वस्त्यावस्त्यांत, गावोगावी नेले. घरातली मारहाण चारचौघांत बोलण्याचा विषय झाला, यात त्या नाटकाचा वाटा मोठा आहे. बारामती-इंदापूर पट्ट्यात हे काम आज भिंतींवरची चित्रे करू शकतात. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, भवानीनगर, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर याच वाटेने जाते. हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या इथेच पडतात. वाचता न येणाऱ्या बाईलाही चित्र कळते.

मात्र ‘लेक वाचवा’ लिहून कमळ काढले की काम झाले, ही समजूत सोडायला हवी. शेजारीण दाराची कडी वाजवते आहे, असे चित्र काढा. कौटुंबिक हिंसाचाराची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो, आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात स्पष्ट आहे. ते लोकांना ठाऊक नाही. एसटीच्या खिडकीतून वाचता येईल एवढा मोठा १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता चित्रातच हवा. नगरपरिषदा, ग्रामपंचायती आणि साखर कारखान्यांनी येत्या पालखीआधी आपापल्या भिंती यासाठी द्याव्यात.